व्हॉयेजर-१ मधला बिघाड २४०० कोटी किलोमीटरवरून कसा निघाला?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "व्हॉयेजर-१ चा कॉम्प्युटर २०२३ मध्ये बिघडला आणि पाच महिन्यांनी नासाने तो इथे बसून दुरुस्त केला, असं वाचलं. सुटा भाग बदलता येत नाही, सिग्नल पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. मग नक्की केलं तरी काय? आणि पुढच्या यानांवर एआय आलं की ती स्वतःच स्वतःला दुरुस्त करतील ना?"

पहिल्या भागाचं थोडक्यात उत्तर: १९७७ मध्ये नासाने सोडलेल्या या यानातली जी चिप खराब झाली ती आजही खराबच आहे. तिच्यावाचून काम कसं भागवायचं एवढं यानाला शिकवलं गेलं. दुसऱ्या भागाचं उत्तर, माझ्या मते, नाही. निदान तुम्हाला वाटतंय तसं तर नक्कीच नाही. पण दोन्ही गोष्टी पटायच्या तर आधी ही याने आपल्याशी बोलतात कशी ते समजून घ्यावं लागेल. माझं सगळं काम उपग्रहांच्या भू-स्थानकांवर, अँटेना आणि रिसीव्हरच्या बाजूला झालं. व्हॉयेजरवर मी काम केलेलं नाही, पण आमच्या धंद्यात त्याच्या बिघाडांच्या कथा नव्या पोरांना पाठ करायला लावाव्यात इतक्या कामाच्या आहेत. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. गुरूच्या पलीकडे जाणाऱ्या यानाचा निम्मा भाग जमिनीवर असतो. उडालेला निम्मा प्रक्षेपणाच्या दिवशी गोठतो, जमिनीवरचा निम्मा पुढची पन्नास वर्षं सुधारत राहतो. यान वाचतं ते या दुसऱ्या निम्म्यामुळे, आणि पहिल्यात बदल करायला जागा किती ठेवली होती त्यावर.

आता आकडे. व्हॉयेजरवर ३.७ मीटर व्यासाची डिश आहे आणि ट्रान्समीटर वीसेक वॅटचा. डाउनलिंक, म्हणजे यानाकडून पृथ्वीकडे येणारा सिग्नल, एक्स-बँडमध्ये, सुमारे ८.४ गिगाहर्ट्झवर. या डिशचा झोत पाऊण अंशापेक्षाही अरुंद आहे. ऐकायला हे फार नेमकं वाटतं, पण अडीच हजार कोटी किलोमीटरवर तोच झोत पसरून साधारण २८ कोटी किलोमीटर रुंद होतो. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेचा व्यास ३० कोटी किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ अख्खी कक्षा त्या झोतात मावते. त्या पसाऱ्यातून आपली ७० मीटरची डिश जेवढं गोळा करते, ते किती? एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भागसुद्धा पुरता हाती येत नाही. म्हणून रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवतात, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उष्णतेच्या नॉइजमध्ये सिग्नल कधीच बुडून जाईल. एवढं करून मिळतात सेकंदाला १६० बिट. मोबाइलमधला २ एमबीचा एक फोटो या वेगाने उतरवायचा म्हटला तर अठ्ठावीस तास लागतील. (फोटो येत नाहीतच. १९९० च्या फेब्रुवारीत शेवटची मालिका टिपून झाल्यावर कॅमेरे बंद करून टाकले.)

अपलिंकचं, म्हणजे पृथ्वीवरून यानाकडे जाणाऱ्या सिग्नलचं, गणित उलटं असतं. जमिनीवर वीज हवी तेवढी आहे. किलोवॅटमध्ये बोलता येतं. तिथे अडतं ते यानाच्या कानाशी. व्हॉयेजर-१ च्या जुळ्या व्हॉयेजर-२ ची १९७८ मधली गोष्ट यासाठी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

प्रत्येक यानावर एक घड्याळ असतं. ठराविक काळ पृथ्वीकडून एकही कमांड आली नाही, तर आपलाच रिसीव्हर गेला असं यान समजतं आणि दुसऱ्या रिसीव्हरवर जातं. व्हॉयेजरवर हा काळ तेव्हा सात दिवसांचा होता. १९७८ च्या एप्रिलमध्ये जमिनीवरची माणसं दुसऱ्या कामाच्या गडबडीत होती, आठवडाभर व्हॉयेजर-२ ला काहीच पाठवलं गेलं नाही. यानाने नियमाप्रमाणे राखीव रिसीव्हर चालू केला. तेव्हा लक्षात आलं की त्या राखीव रिसीव्हरमधला एक कपॅसिटर गेला आहे. कपॅसिटर एवढासा, पण काम महत्त्वाचं: येणाऱ्या सिग्नलची वारंवारता सरकेल तसं त्याच्यामागे जाणं. ते बंद. बारा तासांनी यान आपोआप मूळ रिसीव्हरवर परतलं, सगळ्यांनी सुस्कारा टाकला, आणि अर्ध्या तासात तो मूळ रिसीव्हरच कायमचा मेला. आता यान पूर्ण बहिरं. हातावर हात ठेवून पुन्हा सात दिवस थांबायचं, की घड्याळ संपेल आणि यान त्या अर्धवट राखीव रिसीव्हरवर परत येईल.

आलं. पण तो रिसीव्हर आता एकाच अरुंद पट्टीत ऐकतो, आणि ती पट्टीही त्याच्या तापमानाबरोबर सरकते. यानावरचं एखादं उपकरण चालू-बंद झालं, आतली उष्णता किंचित बदलली, की पट्टी हलली. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते, त्याचा डॉप्लर (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) वेगळाच. यावर काढलेला उपाय असा: यान पट्टी पकडू शकत नाही ना, मग आपण पट्टीत बोलायचं. डॉप्लरचा हिशेब करायचा, रिसीव्हरचं तापमान किती असेल त्याचा अंदाज बांधायचा, आणि जमिनीवरच्या ट्रान्समीटरची वारंवारता सतत अशी सरकवत न्यायची की यानाला ती स्थिर वाटावी. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून ही सगळी सफर या एका अर्धवट कानावर झाली. आजही कमांड तशीच जाते. यानातला एक स्क्रूही हलला नाही. बिघाड जसाच्या तसा राहिला आणि त्याचं ओझं जमिनीवरच्या ट्रान्समीटरने उचललं.

जमिनीवरचा निम्मा सुधारतो म्हणालो त्याचा पुरावाही व्हॉयेजरच देतं. १९७९ मध्ये गुरूजवळून डेटा येत होता सेकंदाला १,१५,२०० बिटच्या वेगाने. नेपच्यून गुरूच्या जवळपास सहापट लांब, म्हणजे सिग्नल तेहतीस-चौतीस पटींनी क्षीण. नुसत्या अंतराच्या हिशेबाने साडेतीन हजार बिट मिळायला हवे होते. १९८९ मध्ये प्रत्यक्ष वेग होता २१,६०० पर्यंत. ट्रान्समीटर तोच, डिश तीच. ही भर मुख्यतः जमिनीवरून आली: गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या ६४ मीटरच्या डिश ७० मीटरच्या केल्या, ऑस्ट्रेलियातली पार्क्सची रेडिओ दुर्बीण आणि न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या २७ डिश जोडीला घेतल्या आणि सगळ्यांचे सिग्नल एकत्र केले. यानाच्या बाजूनेही थोडी मदत झाली. व्हॉयेजरच्या कॉम्प्युटरची मेमरी पुन्हा लिहिता येते. तेव्हा शनी सोडल्यावर डेटाच्या दोन कॉम्प्युटरपैकी राखीव पडून असलेल्याला चित्रं आकसायच्या कामाला लावलं. प्रत्येक ठिपक्याची पूर्ण किंमत पाठवण्याऐवजी शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक तेवढा पाठवायचा. उडाल्यावर आठ वर्षांनी यान नवं काही शिकलं, तेही आज कोणी हिशेबात धरणार नाही एवढ्याशा मेमरीत.

गॅलिलिओची कथा याहून टोकाची. गुरूकडे निघालेलं हे यान आधी शुक्राजवळून जाणार होतं, म्हणून त्याची ४.८ मीटरची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटून ठेवली होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये उघडायची आज्ञा दिली तर काही काड्या अडकल्या. चॅलेंजरच्या अपघातामुळे प्रक्षेपण वर्षानुवर्षं लांबलं, त्या काळात यान ट्रकवरून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ये-जा करत राहिलं, आणि त्या हादऱ्यांत काड्यांच्या टोकांवरचं कोरडं वंगण झिजलं, असा निष्कर्ष निघाला. उन्हात धरून तापवलं, सावलीत नेऊन गार केलं, मोटर हजारो वेळा झटके देऊन फिरवली. छत्री उघडली नाही. ठरलेला वेग होता सेकंदाला १,३४,००० बिट. उरलेल्या छोट्या अँटेनावरून दहा-वीस बिट मिळाले असते, म्हणजे मोहीम गुंडाळायचीच बाब. पण गुरूला पोचेपर्यंत हातात साडेचार वर्षं होती. त्या वेळात यानासाठी आकसण्याचं आणि कोडिंगचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं, जमिनीवर डिश जोडल्या, रिसीव्हर सुधारले, आणि वेग १६० बिटपर्यंत नेला. ठरवलेल्या विज्ञानापैकी सुमारे ७० टक्के पदरात पडलं. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली खारट पाणी असावं याचा सगळ्यात भक्कम चुंबकीय पुरावा याच यानाने दिला, आणि तो सगळा या चिंचोळ्या वाटेने आला.

आता तुमचा मूळ प्रश्न. १४ नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ कडून येणाऱ्या डेटात अर्थ राहिला नाही. एक आणि शून्यांचा तोच तो नमुना येत राहिला. कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून आणणारी मूळ रेडिओ लहर, नीट येत होता, यान कमांड घेत होतं, अँटेना पृथ्वीकडेच होती. म्हणजे पाणी मुरत होतं ते फ्लाइट डेटा सिस्टिममध्ये, उपकरणांचा आणि यानाच्या तब्येतीचा डेटा गोळा करून त्याची पाकिटं बांधणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये. त्याचा जोडीदार १९८१ मध्येच गेला होता, त्यामुळे राखीवावर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

इथली अडचण नीट लक्षात घ्या. कॉम्प्युटरला काय झालंय हे सांगण्याचं एकमेव साधन म्हणजे तोच कॉम्प्युटर. तेव्हा १ मार्च २०२४ ला त्याला एक डिवचणारी कमांड पाठवली: प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या क्रमाने न जाता वेगळ्या क्रमाने जाऊन बघ, म्हणजे खराब तुकडा टाळला जाईल. ३ मार्चला उत्तर आलं ते नेहमीच्या साच्यातलं नव्हतं, पण आधीच्या निरर्थक नमुन्यासारखंही नव्हतं. डीप स्पेस नेटवर्कच्या (दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या डिशचं जाळं) एका इंजिनिअरने ते सोडवलं, तर त्यात त्या कॉम्प्युटरची सगळी मेमरी जशीच्या तशी उतरलेली सापडली. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात देखणा क्षण हाच. पुढचं काम कष्टाचं, पण सरळ. बिघाडाच्या आधीची मेमरीची प्रत होती, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघितल्या. सुमारे ३ टक्के मेमरी खराब निघाली. सगळं खापर एकाच चिपवर. एखादा ऊर्जाकण आदळला असेल किंवा ४६ वर्षांनी ती नुसती म्हातारी झाली असेल, दोन्ही शक्य आहे.

त्या चिपवर जो कोड बसला होता तो दुसरीकडे हलवायचा होता, पण सबंध कोड मावेल एवढी सलग जागा मेमरीत कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे केले आणि मिळेल तिथे बसवले. नुसतं बसवून भागत नाही. प्रत्येक तुकड्याने पुढच्या तुकड्याचा नवा पत्ता ओळखला पाहिजे, आणि उरलेल्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे जुन्या पत्त्याचा उल्लेख आहे तिथे तिथे तो बदलला पाहिजे. हे सगळं सत्तरच्या दशकातल्या असेंब्ली कोडमध्ये, त्या काळच्या कागदपत्रांत शोधाशोध करत. पहिल्यांदा फक्त यानाच्या तब्येतीच्या डेटाची पाकिटं बांधणारा भाग हलवला. १८ एप्रिलला कमांड गेली, साडेबावीस तास जायला आणि साडेबावीस तास यायला, २० एप्रिलला पाच महिन्यांनंतर पहिला अर्थपूर्ण डेटा आला. मे महिन्यात दोन उपकरणं पूर्ववत झाली, जूनमध्ये चारही.

मेमरी पुन्हा लिहिण्याची सोय नसती तर हे अशक्य होतं. तसं झालेलं उदाहरणही आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर उतरायला निघालेल्या ह्युजेन्स यानाचा डेटा त्याला घेऊन जाणाऱ्या कॅसिनी यानावरच्या रिसीव्हरने झेलायचा होता. २००० च्या फेब्रुवारीत, दोघेही वाटेवर असताना, युरोपियन स्पेस एजन्सीच्या बोरिस स्मेड्स यांनी गोल्डस्टोनवरून ह्युजेन्सची नक्कल करणारा सिग्नल डॉप्लरसकट कॅसिनीला पाठवून बघितला. कॅरिअरची वारंवारता डॉप्लरने सरकते याची तजवीज रिसीव्हरमध्ये होती. पण त्याबरोबर बिटांचा वेगही सरकतो, त्याची नव्हती. डेटाचा मोठा भाग वाया गेला असता. बदल अगदी किरकोळ, पण फर्मवेअर (रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर) पक्कं बसवलेलं, उड्डाणानंतर हात लावायची सोय नाही. शेवटी कॅसिनीचा मार्गच बदलला: टायटनच्या बाराशे किलोमीटरवरून जायचं ते सुमारे साठ हजार किलोमीटरवरून जायचं ठरलं, म्हणजे डॉप्लर कमी होईल. फर्मवेअरमधला एक आकडा बदलता येत नाही म्हणून अब्जावधींच्या मोहिमेची कक्षा फिरवावी लागली.

१४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स उतरलं तेव्हा आणखी एक घोळ निघाला. दोनपैकी एका चॅनलचा रिसीव्हर चालू करायची कमांडच दिली गेली नव्हती. त्या चॅनलवरची चित्रं गेली ती गेलीच. वाऱ्याचा वेग मोजायचा प्रयोग मात्र वाचला, कारण ग्रीन बँक आणि पार्क्ससारख्या रेडिओ दुर्बिणी ह्युजेन्सचा क्षीण कॅरिअर थेट पृथ्वीवरून ऐकत होत्या. असं ऐकण्यात आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंही नाव लागलेलं आहे, जरी ते मंगळाच्या बाबतीत असलं तरी: ऑक्टोबर २०१६ मध्ये शियापारेली लँडर खाली येताना त्याचा सिग्नल तिथे टिपला गेला, आणि तो तुटला हेही.

उरला एआयचा प्रश्न. याने स्वतःची काळजी आजही घेतात. पण ती कशी, ते बघा. ४ जुलै २०१५, न्यू होरायझन्स हे यान प्लुटोपासून दहा दिवसांवर. मुख्य कॉम्प्युटर एकाच वेळी डेटा आकसत होता आणि प्लुटोभेटीच्या कमांड मेमरीत लिहीत होता. भार पेलला नाही, राखीव कॉम्प्युटरने ताबा घेतला, यान सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक कामं चालू ठेवून) गेलं आणि पृथ्वीकडे तोंड करून वाट बघत बसलं. ७ जुलैला भेटीचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. एका सवाल-जवाबाला नऊ तास. पुढचे तीन दिवस जमिनीवरच्या माणसांनी सगळ्या कमांड पुन्हा चढवल्या. यानाने स्वतःहून काय केलं? जिवंत राहिलं आणि घराकडे बघितलं. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा असते आणि ती अपेक्षा अतिशय योग्य आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये एका चुकीच्या कमांडने व्हॉयेजर-२ ची अँटेना दोन अंशांनी वळली. दोन हजार कोटी किलोमीटरवर दोन अंश म्हणजे झोत पृथ्वीला ७० कोटी किलोमीटरने चुकला. यान वर्षातून काही वेळा आपली दिशा आपणच ठीक करून घेतं. पुढची तारीख १५ ऑक्टोबर होती. जमिनीवरून मात्र कॅनबेराच्या मोठ्या डिशने सगळी ताकद लावून कमांड पाठवून बघितली, आणि ४ ऑगस्टला यान परत वळलं. ही दक्षिणेकडची डिश सोडून दुसरी कुठलीच व्हॉयेजर-२ शी बोलू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

यानावरच्या हुशारीला माझा विरोध नाही. हजार चित्रांतून पाठवण्यालायक दहा निवडणं, उतरताना दगड टाळणं, युरोपाच्या बर्फाखाली कधी काही पाठवलं तर तिथे क्षणोक्षणी निर्णय घेणं, ही कामं यानानेच करायला हवीत. पण प्रारणाला तोंड देणारे प्रोसेसर संथ असतात. न्यू होरायझन्सचा १२ मेगाहर्ट्झचा आहे. आणि खरी गोम वेगळीच आहे. बिघडलेल्या मेमरीत बसलेला कोड आपलीच मेमरी बिघडल्याचं निदान करणार कसा? निदानाला बाहेरचा डोळा लागतो, जुनी प्रत लागते, चार माणसांचं भांडण लागतं. दोन उपाय समोर असताना कुठला धोका पत्करायचा हे ठरवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर-१ चे २००४ मध्ये निकामी ठरवलेले थ्रस्टर (दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) पुन्हा चालू केले. हीटर चालू होण्याआधी ते पेटले असते तर छोटा स्फोट होण्याची भीती होती. आणि मे महिन्यात कॅनबेराची ती डिश दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होणार असल्याने थांबायलाही वेळ नव्हता. हा निर्णय मी तरी कुठल्या प्रोग्रॅमवर सोडला नसता.

शेवटी व्हॉयेजरला थांबवणार ती वीज. प्लुटोनियमवर चालणारे तीन जनित्र उड्डाणाच्या वेळी मिळून ४७० वॅट देत होते. दरवर्षी चारेक वॅट कमी होतात. एकेक हीटर, एकेक उपकरण बंद करत चाललंय. २०२५ च्या फेब्रुवारीत व्हॉयेजर-१ चा वैश्विक किरणांचा मापक बंद केला. इथे जमिनीवरून काही करता येत नाही.

तुम्हाला यात पुढे यायचं असेल तर व्हॉयेजरचं लिंक बजेट (ट्रान्समीटरपासून रिसीव्हरपर्यंत सिग्नलची ताकद किती उरते त्याचा हिशेब) स्वतः मांडा. वर दिलेले डिशचे व्यास, वॅट, वारंवारता आणि अंतर एवढं पुरेसं आहे. उत्तर उणे १५५ डीबीएमच्या (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) आसपास यायला हवं. मग नासाचं 'डीएसएन नाऊ' हे पान उघडा. कुठली डिश या क्षणी कुठल्या यानाशी बोलते आहे ते तिथे दिसतं. व्हॉयेजरशी बोलणं चालू असेल तर डिशवर क्लिक करून मिळालेल्या सिग्नलची ताकद वाचा आणि आपल्या उत्तराशी ताडून बघा. पाच-सात डीबीचा फरक आला तर पॉइंटिंग, वातावरण आणि डिशची कार्यक्षमता यांतलं काय धरायचं राहिलं ते शोधा. साठ डीबीचा आला तर किलोमीटरचे मीटर करताना गडबड झाली असणार.